दिवसा ऐकलेल्या उल्का

१८ मे २०२५, रविवार

अँटेनाचा खरा खर्च आज इथे लिहून टाकतो. घरात सांगितलेला खर्च असा — ॲल्युमिनियमच्या नळ्या भंगारातून सहाशे चाळीस रुपयांना, केबल जुन्या डिशची, बांबू फुकट. संपलं.

खरा खर्च वेगळाच. बायकोची, विजयाची, गच्चीवरची कपडे वाळवायची तार गेली, कारण तिथे आता बांबू. कैऱ्या वाळत घालायची जागा गेली. शेजारच्या दुबेजींशी वीस वर्षांचा सलोखा गेला — त्यांना वाटतं, मी त्यांच्या बेडरूमवर मोबाइल टॉवर रोखून धरला आहे. आणि दोन दिवस झाले, बायको माझ्याशी मुलाच्या मार्फत बोलून राहिली आहे. "अनिमेष, तुझ्या बाबांना सांग, भाजी झाकून ठेवली आहे." मी तिथेच दोन हातांच्या अंतरावर बसलेलो असतो.

खरं म्हणजे दुर्बीण घ्यायची होती. पण रायपूरच्या आमच्या तात्यापाऱ्यातून वर बघितलं तर दिसतं काय? खाली सगळीकडे दिवे, वर उरल्याच्या कारखान्यांचा धूर. तारे मोजायला हाताची बोटं उरतात. मग कुठेतरी वाचलं की उल्का ऐकता येते. आधी हसलो. मग पूर्ण वाचलं.

गोष्ट सोपी आहे. हजार किलोमीटरवरचं एफएम स्टेशन आपल्याकडे लागत नाही. पृथ्वी गोल आणि ती लहर सरळ जाणारी, डोक्यावरून निघून जाते. पण शंभर किलोमीटर वर एखादी उल्का जळली की तिच्या वाटेवरची हवा क्षणभर आरशासारखी होते. दूरचं स्टेशन त्या आरशावर आपटून अर्धा सेकंद आपल्या रेडिओत येऊन पडतं. मग आरसा विरतो, पुन्हा खरखर. दिवसा चालतं. ढगातून चालतं. धुरातून चालतं!

डोळे नकोत, कान पाहिजेत. ही तर माझ्या धंद्याचीच वस्तू. भनपुरीच्या ट्रक गॅरेजात ग्रीस पुसायला लागलो तेव्हापासून कानावरच खाऊन राहिलो. उरल्याचं गिअरबॉक्सचं वर्कशॉप कानावर उभं राहिलं, हे घरही.

१९ मे

सकाळी साडेपाच ते सात. खरखर.

२० मे

खरखर. आज विजया थेट बोलली. "दिवसा तारे दिसायला लागले का तुम्हाले?"

दिसत नाहीत, ऐकू येतील, म्हणालो.

"बरं. मले वाटलं चक्कर आली."

बोलली हे महत्त्वाचं.

२२ मे, गुरुवार

आली! सहा वाजून गेले होते. ट्रकमधून काढलेला जुना रेडिओ, कुठलंच स्टेशन नसलेल्या आकड्यावर लावलेला, नेहमीसारखा खरखरून राहिला होता. मी चहा फुंकत होतो. एकदम खरखर कापली गेली आणि एक बाई म्हणाली — "…उद्या सकाळी अकरा वाजता…" आणि गेली. पुन्हा खरखर.

मराठीत! आपल्या इथली ओढून बोललेली नाही, तिकडची स्वच्छ, रेडिओवरची मराठी. कोणतं गाव असेल? सोलापूर? कोल्हापूर? उद्या सकाळी अकराला काय आहे? कोणाचं आहे? दिवसभर तेच डोक्यात. वर्कशॉपमध्ये दोनदा घड्याळ बघितलं, जसं काही मलाच जायचं आहे.

त्या बाईला काय माहीत! स्टुडिओत बसून ती वाचून राहिली आहे, आणि एका रव्याच्या दाण्याएवढा दगड, कुठल्या तरी धूमकेतूच्या शेपटातून सांडलेला, किती शतकं भटकून नेमका आज तिच्या आणि माझ्या मधे येऊन जळतो. वेग वाचला — सेकंदाला तीस-चाळीस किलोमीटर. म्हणजे रायपूर ते दुर्ग एका सेकंदात, टाटीबंध चौकातला जॅम न लागता.

रात्री जेवताना सगळ्यांना सांगितलं. अनिमेष म्हणाला, "वाह पापा, बढ़िया." पोटचा पोट्टा घरात हिंदीत उत्तर देतो आणि मराठी मला उल्केकडून ऐकावी लागते.

२३ मे, शुक्रवार

पुण्याला हौशी आकाशनिरीक्षकांचा एक गट आहे. त्यांना त्या अर्ध्या वाक्याचं कळवलं होतं. आज तिथल्या इरावतीबाईंचा फोन आला. कॉलेजात शिकवतात, गटातली उल्कांची मोजणी त्यांच्याकडे असते. पाऊण तास बोललो. अशी बाई! प्रश्न विचारला की आधी "छान" म्हणतात, मग उत्तर देतात.

त्यांनी सांगितलं की जूनच्या पहिल्या आठवड्यात मेष राशीतून एक मोठा उल्कावर्षाव होतो. पण मेष तेव्हा सूर्याच्या शेजारी असते, त्यामुळे सगळा वर्षाव भर दिवसा. डोळ्याला दिसतच नाही. पहाटे उजाडायच्या आधी एखादी चुकार दिसली तर नशीब. एवढा मोठा वर्षाव दरवर्षी आपल्या डोक्यावर होतो, आपण तेव्हा दात घासत असतो!

या वर्षी ठिकठिकाणचे लोक तो ऐकून मोजणार आहेत. "रायपूरच्या आसपास आमचा नकाशा अगदी कोरा आहे," म्हणाल्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पण पद्धत बदलायला सांगितली. या दिवसांत वरच्या हवेतून एफएम स्टेशनं उल्केशिवायही घुसतात, मोजणीत घोळ होतो. म्हणून शब्द नकोत, शिट्टी ऐकायची. पेनड्राइव्हएवढं एक यंत्र लॅपटॉपला लावायचं, दूरच्या एका ट्रान्समीटरची सलग लहर धरायची, आणि उल्का गेली की एक बारीक शिट्टी येते. एक शिट्टी, एक उल्का.

मोजायला जमेल ना, त्यांनी हळूच विचारलं. मी म्हणालो, "मॅडम, पस्तीस वर्षांत माझ्या कानाने पास केलेला एकही गिअरबॉक्स परत आलेला नाही. एकही नाही."

हसल्या. "मग रायपूर तुमच्यावर सोडते."

२४ मे, शनिवार

भनपुरीच्या रोलिंग मिलमध्ये आपण दुरुस्त केलेला गिअरबॉक्स आज बसवला. पास करायला मी गेलो.

ही पद्धत आता मिलवाल्यांनाही पाठ आहे. लाइन रिकामी फिरवायची, बाकी सगळं बंद, कोणी बोलायचं नाही. मी पेचकसाचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतो, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे बंद. एकेक बेअरिंग ऐकायचं. मग पेचकस रुमालाने पुसून खिशात घालतो. पेचकस खिशात गेला की पास. शेठजी मला विचारत पण नाहीत, सरळ हात वर करून भट्टीवाल्याला इशारा देतात.

येताना गाडीत अनिमेषने पुन्हा मीटरचा विषय काढला. बेअरिंगची थरथर मोजणारं यंत्र आहे, आकडा दाखवतं, कागद छापून देतं. मी म्हणालो, मिलवाले आपल्याला कागदासाठी बोलावतात की या कानासाठी? तो म्हणाला, "पापा, कल को आप नहीं रहोगे तो?" मी म्हणालो, मी कुठे जाऊन राहिलो? पोरगा वाईट नाही. घाई आहे त्याला.

आणि त्याचं एक बरोबर आहे, हा खेळ नाही. त्या रोलरच्या स्टँडशेजारी सहा माणसं चिमटे घेऊन उभी असतात, लाल सळई एका बाजूने धरून दुसऱ्या बाजूला देत. बेअरिंग फुटून शाफ्ट बसला तर ती सळई वाट सोडते. एकदा बघितलं आहे — दुसऱ्या मिलमध्ये, लहान असताना. पुन्हा बघायचं नाही. म्हणूनच तर मी डोळे बंद करून ऐकतो.

रामकृष्ण आज जरा विचित्र वाटला. तिथला हेड फिटर. माझ्याच हाताखाली शिकलेला, सतरा वर्षांचा होता तेव्हा आला. पेचकस पुसत होतो तर म्हणाला, "भैया, एक बार और सुन लेते?" मी त्याच्याकडे बघितलं. तो ग्रीसच्या डब्याकडे बघत होता. म्हणालो, एकदा ऐकलं की ऐकलं.

"हव भैया," मान हलवून म्हणाला.

२८ मे, बुधवार

ते छोटं यंत्र आलं. सूनबाईने लावून दिलं. शर्मिष्ठा भिलाईची, नव्या रायपुरात ऑफिस, घरात कॉम्प्युटरचं सगळं तिच्याकडे. आणि तीच एकटी माझ्याबरोबर साडेपाचला गच्चीवर यायला तयार! अनिमेषला उठवायला ढोल लागतो.

लॅपटॉपवर एक काळी खिडकी, त्यात वरून खाली पाऊस पडावा तशी निळी खरखर. तिने काहीतरी फिरवून शिट्टीचा आवाज चांगला उंच पट्टीत लावला. खाली पंख्याची, रस्त्याची घरघर असते, वर मोकळं असतं, म्हणाली. मला पटलं. दोघांच्या कानाला वेगवेगळे हेडफोन.

पंधरा मिनिटांनी — टिंग! काचेच्या बांगडीला नख लागावं तसं. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. दोघं वर बघायला लागलो. वर काय, निळं आभाळ आणि दुबेजींची पाण्याची टाकी.

१ जून, रविवार

आज तालीम. दोघांनी एक तास ऐकायचं, एकमेकांकडे न बघता आपापल्या कागदावर रेघा मारायच्या.

माझ्या नऊ. तिच्या चौतीस.

मी म्हणालो, "पोरी, तू उल्का मोजत होतीस की कावळे?"

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही झोपले होते का?"

२ जून, सोमवार

नऊ आणि चौतीस डोक्यातून जात नाही. तिला समजावून सांगितलं — नवशिक्याला खरखरीत काहीही ऐकू येतं. मी वर्कशॉपमध्ये पोरं तयार केली आहेत, मला माहीत आहे. पहिल्या वर्षी त्यांना प्रत्येक बेअरिंग बिघडलेलं वाटतं. तिने सगळं ऐकून घेतलं. वाद नाही घातला. ऑफिसमधून आल्यावर लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला आणि चहा करायला गेली.

काल सकाळच्या त्या तासाचं चित्र त्यात होतं. शिट्टी येते तिथे पिवळी रेघ उमटते. मोजल्या.

तिच्या रेघांशी जुळल्या. माझ्याशी नाही.

३ जून, मंगळवार

आज मी तिला म्हणालो, शिट्टी जरा खाली आण. बस तेवढंच, बाकी काही बदलू नको.

तिने खाली आणली. आणि सकाळ भरून गेली! टिंग, टुंग, एक लांब विरत जाणारी, लगेच दोन जुळ्या. एक तास. मोजून खाली आलो. दोघांचे आकडे एकसारखे, फक्त एकाचा फरक, आणि तो तिने चहाचा घोट घेतला तेव्हाचा.

उल्का त्याच. यंत्र तेच. माणूस तोच.

मग रविवारी बाकीच्या कुठे गेल्या होत्या?

४ जून, बुधवार

प्रश्न पडला की सोडवायचा. मोबाइलवर एक आवाज काढणारं ॲप घेतलं. बोटाने वर सरकवलं की आवाज बारीक, उंच पट्टीचा होत जातो. दुपारी स्वयंपाकघरात बसलो, विजया कणीक मळत होती. तिला म्हणालो, तिकडे तोंड कर, आवाज बंद झाला की सांग.

मी सरकवत गेलो. हजार हर्ट्झ, दोन हजार, चांगला मोठा. तीन हजार. मग हळूहळू दबला आणि थांबला. मला वाटलं मोबाइलच अडकला. तसाच वर सरकवत राहिलो, बटणं दाबून बघितली.

"बंद करा ना ते," विजया म्हणाली, "दात शिवशिवून राहिले माझे."

मी विचारलं, वाजून राहिलं आहे?

तिने कणकेचा हात थांबवला आणि वळून बघितलं. मोबाइल माझ्या हातातून घेऊन ओट्यावर पालथा ठेवला.

तर असं आहे. साडेतीन-चार हजाराच्या वर माझ्यासाठी दुकान बंद. मोठ्याने वाजलं तर थोडं येतं, त्या नऊ उल्का तशा आल्या. गंमत वाटली आधी. खरंच वाटली — माणसाच्या डोक्यात दोन भोकं, आणि त्यांच्या वरच्या मजल्याला कुलूप, आणि घरमालकाला पत्ता नाही! वाचलं मग. धडधड कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाचं असंच होतं म्हणे, बारीक आवाज आधी जातात. बोलणं ऐकू येत राहतं, म्हणून कळत नाही.

संध्याकाळी अंगणात बसलो होतो तेव्हा दुसरी गोष्ट आठवली, आणि गंमत गेली.

बेअरिंगचा रोग सुरू होतो तेव्हा ते आधी बारीक गातं. गुरगुर मागून येते. बारीक गाणं म्हणजे अजून वेळ आहे, गुरगुर म्हणजे आजचा दिवस. हे मीच शिकवतो पोरांना. मग मी शेवटचं ते गाणं कधी ऐकलं? आठवत नाही. गेली काही वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरतो आहे की हल्ली बेअरिंगं फार चांगली येतात.

आणि चोवीस तारखेला भनपुरीत पेचकस खिशात घातला आहे.

५ जून, गुरुवार

वर्कशॉप. भंगाराच्या ढिगातून मुद्दाम एक बेअरिंग निवडलं, कड्यावर बारीकसा टवका उडालेलं. लेथवर चढवून फिरवलं. पेचकस लावून ऐकलं. गोड गुणगुण, एकसारखी. माझ्या कानाने ते पास.

अनिमेषला बोलावलं. पेचकस दिला. त्याने कधी घेतला नव्हता, कसा धरायचा ते दाखवावं लागलं. त्याने डोळे बंद केले, अगदी माझ्यासारखे.

"चिड़िया जैसा कुछ है पापा. चीं-चीं."

मी मान हलवली. त्याने पेचकस परत दिला, लेथ बंद केला. मीटरचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

६ जून, शुक्रवार

सकाळी गच्चीवर गेलो नाही. आठ वाजता भनपुरीला.

शेठजींना सांगितलं, गिअरबॉक्स उघडायचा आहे. लाइन चालू होती, ऑर्डर भरून जायची होती, त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. आवाज येतो आहे का, त्यांनी विचारलं. नाही. गरम होतं आहे? नाही. मग कशाला? मी म्हणालो, माझा कान बिघडला आहे. मागच्या वेळेला मी काय ऐकलं ते मलाच माहीत नाही.

शेठजींनी माझ्या खिशाकडे बघितलं. मग म्हणाले, "पेचकस तो जेब में गया था न नरहरजी?"

"गया था. आज निकाल रहा हूँ."

रामकृष्ण तिथेच उभा होता. तो मधे पडला, म्हणाला की गिअरबॉक्स मस्त चालला आहे, राहू द्या भैया, नाहक लाइन का बंद करता. माझं म्हणणं त्याने कधी असं खोडलं नव्हतं. मला वाटलं, माझी लाज झाकायला बोलून राहिला. मी त्या चिमटेवाल्यांकडे बोट दाखवलं. सहाच्या सहा उभे होते, एकाने टॉवेल डोक्याला गुंडाळला होता. म्हणालो, यांच्या शेजारी तू उभा राहशील का, माझ्या शब्दावर?

"हव," म्हणाला. "खड़ा रहूँगा."

तरी मी ऐकलं नाही. उद्या सकाळची पाळी बंद, उघडायचं.

इरावतीबाईंचा मेसेज — आज-उद्या वर्षाव शिगेला आहे, रायपूर तयार का? शर्मिष्ठाला दाखवला. ती म्हणाली, "तुम्ही मिलमध्ये जा बाबा, आभाळ मी बघते."

७ जून, शनिवार

निघालो तेव्हा गच्चीवर तिच्या लॅपटॉपमधून टिंग टिंग चालू होतं. जिन्यात उभा राहून दोन ऐकल्या आणि गाडीत बसलो.

मिलमध्ये झाकण उचललं. रामकृष्ण आणि त्याचे दोघं. मी बाजूला, हात मागे बांधून. तेल स्वच्छ, ताजं. एकेक बेअरिंग पुसून बाहेर. कडं बोटाने फिरवून बघितलं, नख लावून बघितलं, भिंग लावून बघितलं.

निर्मळ! एकावरही ओरखडा नाही. आरशासारखी कडी.

शेठजींनी पाठीवर हात मारला. "कान तो कान है," म्हणाले. लाइन बंद ठेवल्याचा राग होता तो गेला, चहा मागवला, वर कचोरी. चिमटेवाले पण हसून राहिले होते. रामकृष्ण तेवढा खाली बसून बोल्ट पुसत होता. एकेक बोल्ट दोनदा.

येताना विचार करत आलो. कानाला कुलूप आहे, हे तर सिद्ध झालं. मग मी ऐकलं कशाने? हाडाने! पेचकसाची मूठ कानामागे टेकते, बोटं दांडीवर असतात. पस्तीस वर्षांत हाताला आणि हाडाला जे कळायला लागलं आहे ते मोबाइलच्या ॲपमध्ये कुठून येणार? भंगारातलं बेअरिंग लेथवर होतं, गिअरबॉक्समध्ये नव्हतं. बसण्याचाच फरक. उल्का ऐकायला कान लागतो, गिअरबॉक्स ऐकायला माणूस लागतो.

पस्तीस वर्षं. एकही परत आलेला नाही. आता परीक्षा घेऊन, झाकण उघडून सिद्ध!

अनिमेषला म्हणालो, मीटरचं पुढच्या वर्षी बघू.

८ जून, रविवार

आजची सकाळ. काय सांगू!

शिट्टी माझ्या मजल्यावर आणून ठेवली होती. साडेपाचपासून ऐकत होतो, आणि सूर्य वर येत गेला तशा त्या वाढत गेल्या. खाली रस्त्यावर दूधवाला, पोह्याच्या गाडीचा स्टोव्ह, दुबेजींचं गायत्री मंत्राचं मशीन. आणि वर, त्याच उजेडात, न दिसता, एकामागून एक जळून राहिल्या. एक इतकी लांब होती की शर्मिष्ठाने श्वास धरला. सुरुवातीला मोठी, मग थरथरत, मग वाऱ्याने ओढून नेल्यासारखी वाकडी. वर खरंच वारा असतो म्हणे, शंभर किलोमीटरवर. जळलेल्या वाटेला ओढत नेतो. उल्केची राख वाऱ्याने हलते आणि तिचा सूर माझ्या कानात बदलतो — यापेक्षा आणखी काय पाहिजे माणसाला?

विजया वर आली. ओल्या कपड्यांची बादली घेऊन. अँटेनाच्या नळ्यांकडे बघितलं, एक टोक हलवून बघितलं, आणि रुमाल वाळत घातले. मग मी तिला हेडफोन दिला. पाच मिनिटं उभ्याने ऐकलं तिने. म्हणाली, "एवढ्या पडून राहिल्या, आणि आपल्या गच्चीत एक कण नाही. झाडायला तर मलेच लागलं असतं." हेडफोन मात्र लगेच परत दिला नाही.

दुपारी इरावतीबाईंनी नकाशा पाठवला. महाराष्ट्रात ठिपके, खाली दक्षिणेत ठिपके, आणि मधे मोकळ्या जागेत एकटा एक. मोठा करून बघितला. रायपूर. त्यांनी लिहिलं आहे की दोन्ही दिवसांचे आकडे इतरांशी छान बसतात. कालचे शर्मिष्ठाचे, आजचे दोघांचे. ठिपका माझ्या नावाचा कसा, विचारलं पाहिजे. तिचं नावही घालायला सांगतो.

अनिमेषने नकाशा बघितला आणि पहिल्यांदा नीट विचारलं — हे नेमकं होतं कसं? तासभर सांगितलं. मधे दोनदा मराठीत "मग?" म्हणाला.

९ जून, सोमवार

संध्याकाळी रामकृष्ण घरी आला. चपला बाहेर काढून ओसरीवरच बसला, आत ये म्हटलं तर आला नाही. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं बेअरिंग काढून माझ्या पुढ्यात ठेवलं. नंबर आपलाच, मीच बसवलेलं. बाहेरच्या कड्यावर नखाएवढा टवका.

पंचवीस मेला, रविवारी, मिल बंद असताना त्यांनी बदललं. चोवीसला मी पास केलं होतं. शनिवारी मी भिंग लावून बघितलं ते त्यांनी बसवलेलं.

मी विचारलं, ही एकच वेळ का?

"तीन साल से, भैया. आपका पास किया हुआ हर गिअरबॉक्स हम लोग संडे को खोल के देख लेते हैं. जो खराब निकला, बदल दिया. इसलिए वापस नहीं आया."